तारा थांबला होता की तू?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहायला बसलो, तर डोळ्यांपुढे वर्ग आलाच नाही, आमच्या मळ्यातला गहू आला. नववीतला जानेवारी. लाईट रात्रीची. वडील दारं धरायचे आणि मी घोंगडी पांघरून विहिरीच्या थाळ्यावर मोटारीची राखण करायचो. गिरणेकाठची थंडी ज्यांनी त्या वेळी अंगावर घेतली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

एके रात्री आग्नेयेला, निंबाच्या फांद्यांमध्ये काहीतरी चमकलं. लाल, मग हिरवं, मग निळसर पांढरं. विमान म्हणावं तर जागचं हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला मी ऐटीत जाहीर केलं, "सर, रात्री शुक्र पाहिला."

"किती वाजता?"

"जेवणं झाल्यावर. साडेआठ-नऊला."

"कुठल्या दिशेला?"

मी हात केला तो विहिरीच्या बाजूला, म्हणजे आग्नेयेला. सर म्हणाले, शुक्र सूर्यापासून 47 अंशांच्या पलीकडे जातच नाही. संध्याकाळी दिसला तर पश्चिमेला, पहाटे दिसला तर पूर्वेला. रात्री नवाला तो तुमच्या निंबातून कसा काय वर येईल? वर्ग हसला. मग हा तारा कोणता, ते मात्र सरांनी सांगितलं नाही. त्याचा मला फार राग आला होता. उलट काम लावलं: आठ रात्री एकाच दगडावर बसायचं आणि तो निंबाचा शेंडा ओलांडेल ती वेळ वहीत लिहायची.

पत्ता वडिलांकडून लागला. त्यांना नाव माहीत नव्हतं, पण ओळख जुनी होती. "तिकांडाना मांगे चालस तो," एवढंच म्हणाले आणि फावडं घेऊन पुढच्या वाफ्याकडे गेले. तिकांडं म्हणजे एका रेघेतले तीन तारे. उगवताना ते जवळजवळ उभे असतात. त्या रेघेवरून नजर खाली नेली की थेट माझी ठिणगी!

नाव कळलं ते भरताच्या पार्टीत. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. सरांनी मला जाळाच्या अलीकडे बसवलं आणि पलीकडच्या खांबावरचा दिवा बघायला लावला. तापल्या हवेतून दिवा नुसता थरथरत होता. म्हणाले, ताऱ्याचंही असंच, दिवा स्थिरच आहे, मधली हवा हलते. तारा इतका लांब की टिंबच दिसतो, म्हणून लुकलुकतो. ग्रहाची छोटी तबकडी असते, ती सहसा लुकलुकत नाही. आणि क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, म्हणून ते रंग. ते तीन तारे म्हणजे मृगाच्या पोटात रुतलेला बाण, आणि तो मारणारा हा व्याध. सूर्य सोडला तर आपल्याला दिसणारा सगळ्यात तेजस्वी तारा.

"अंतर 8.6 प्रकाशवर्षं," सर म्हणाले, "तुझं पहिलीत नाव घातलं कधी?"

जूनमध्ये. बोटांवर मोजलं: आठ वर्षं, सात महिने. म्हणजे मी नवं दप्तर घेऊन रडत शाळेत आलो, त्या सुमारास निघालेला उजेड आमच्या निंबात येऊन अडकला होता. हातातलं भरीत हातातच राहिलं.

राहता राहिली वही. तारा रोज चार मिनिटं लवकर येतो, हे मला तेव्हा कुठं ठाऊक! पहिल्या रात्री 8.40, आठव्या रात्री 8.12. मधली एक रात्र मी गाढ झोपलो होतो, ती अंदाजाने 8.45 अशी ठोकून दिली. सरांनी तेवढ्याच आकड्याला लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, "तारा थांबला होता की तू झोपला होतास?"

ती वही अजून माळ्यावरच्या पेटीत आहे. कसरीने एक कोपरा खाल्लाय, पण लाल गोल शाबूत आहे.