आईने पाठवलेला लाल चेहरा

परवा आईला व्हॉट्सॲपवर लिहिलं की या रविवारी पण येणं जमत नाहीये, तर उत्तरात एक शब्द नाही, नुसता तो लाल रागाचा चेहरा. पोटात गोळाच आला माझ्या. लगेच फोन लावला तर ती मेथी निवडत बसलेली, म्हणाली, "अगं राग कसला, तुझ्यासाठी पुरण घालणार होते ना, म्हणून रुसले."

रुसले! तो शब्द डोक्यातच राहिला. रागाचे साधे चेहरे दोन, एक पिवळा आणि एक लाल, दोन्ही २०१० साली युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या फोनवर चालणाऱ्या अक्षरांच्या आणि इमोजींच्या ठरलेल्या यादीत, आले, आणि आपण सगळे लालवाला म्हणजे जास्त भडकलेला असं धरून चालतो, पण त्याचं युनिकोडमधलं नाव आहे 'पाउटिंग फेस', म्हणजे ओठ काढून रुसलेला चेहरा. आईने अगदी बरोबर वापरला होता. नाकातून वाफा सोडणारा पण तसाच, आपण तो चिडलो की टाकतो आणि त्याचं तिथलं नाव आहे विजयाचा भाव असलेला चेहरा.

मला विचाराल तर नुसता चेहरा बघून काही कळत नाही, कोणी पाठवला ते बघायचं. मैत्रिणीने 'कुठेयस' च्या पुढे तीन लाल चेहरे टाकले तर ती फक्त कॉर्नरवर उभी राहून कंटाळलेली असते. ऑफिसच्या ग्रुपवर मात्र एकच आला तरी छातीत धस्स होतं, तिथे मी तो कधीच वापरत नाही.

आणि आईला खरंच राग आला ना, की दोन टिक निळ्या होतात आणि उत्तरच येत नाही.