तुम्ही विचारलंत म्हणून : चार्टर शाळा पारखताना

"ही चार्टर शाळा चांगली आहे का हो?" आमच्या भागातले, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्सकडचे मराठी आईबाप दर हिवाळ्यात मला हे विचारतात, कारण लॉटरीचे फॉर्म त्याच सुमारास भरायचे असतात. माझी थोरली सहावीपासून चार्टर शाळेत शिकली आणि धाकटा घराजवळच्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक सरकारी, शाळेत. त्यामुळे दोन्हीकडचं मला ठाऊक असणार असं लोक धरून चालतात. फोनवर घाईघाईत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडक्यात. चार्टर शाळा खाजगी नसते. तिला फी नाही आणि प्रवेश परीक्षाही नाही. पैसा सरकारचा, कारभार मात्र स्वतंत्र संचालक मंडळाचा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या टाकतात. असा पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, आपल्या राज्याने १९९६ मध्ये. राज्य शाळेला ठरावीक वर्षांची सनद, म्हणजेच 'चार्टर', देतं आणि मुदत संपली की कामगिरी बघून ती पुढे चालू ठेवतं किंवा काढून घेतं. सनदेसोबत बरीच मोकळीक मिळते. आपल्याकडे चार्टर शाळेतल्या निम्म्याच शिक्षकांकडे राज्याचा परवाना असावा लागतो. बस चालवायची किंवा दुपारचं जेवण द्यायची डिस्ट्रिक्टसारखी सक्ती नाही. म्हणजे बऱ्याच ठिकाणी सकाळ-संध्याकाळ गाडी तुमची आणि डबाही तुमचा. ज्या घरात दोघंही नोकरी करतात त्यांनी एवढ्यावरच एक संध्याकाळ बसून बोलावं.

आता मुद्द्याचं. बहुतेक जण माझ्याकडे येतात ते एक आकडा हातात घेऊन. घर शोधताना संकेतस्थळावर शाळेच्या नावापुढे दहापैकी नऊ दिसलेले असतात, किंवा राज्याने दिलेली ए श्रेणी. या श्रेणीत काय असतं ते बघा. नॉर्थ कॅरोलिनात तिचा ८० टक्के भाग मुलांच्या परीक्षेतल्या गुणांवरून ठरतो आणि फक्त २० टक्के भाग वर्षभरात मुलं किती पुढे सरकली यावरून. पहिला आकडा शाळेइतकाच घराबद्दलही सांगतो. आईबाप दोघंही इंजिनियर, घरात पुस्तकं, वाचायला-बोलायला माणसं, अशी मुलं एकत्र केली तर शिक्षकाने फार काही न करताही श्रेणी चांगली येईल. म्हणून मी आधी दुसरा आकडा बघायला सांगते. राज्याच्या स्कूल रिपोर्ट कार्डवर 'ग्रोथ' वेगळी दिलेली असते: अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतकी, किंवा अपेक्षेपेक्षा कमी. ती काढणारी 'ईव्हास' ही पद्धत सॅस या कॅरीतल्याच कंपनीची आहे, आपल्यातले कितीतरी जण तिथे कामाला आहेत. मुलाचे आधीच्या परीक्षांतले गुण पाहून तो या वर्षी कुठे पोचायला हवा याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्षात तो कुठे पोचला ते ताडून पाहायचं, असा तिचा गाभा. एकाच वर्षाचा नका बघू, तीन-चार वर्षांचा ओळीने बघा. ए श्रेणी आणि ग्रोथ सतत 'अपेक्षेपेक्षा कमी', अशी शाळा दिसली तर समजा की हुशार मुलं तिच्याकडे येतात आणि आहेत तिथेच राहतात.

इथे आपल्या भागापुरती एक गोष्ट जोडायला हवी. ईव्हास मुलाची प्रगती मोजतं, ती कुणामुळे झाली हे त्याला कळत नाही. आपल्या मुलांपैकी किती जण संध्याकाळी गणिताच्या बाहेरच्या क्लासला जातात ते तुम्हाला माहीत आहे. पुण्या-मुंबईत वाढलेल्यांना हा पेच नवा नाही: निकाल शाळेचा की क्लासचा? त्या शाळेतल्या पालकांना सरळ विचारा. वर्गातली बहुतेक मुलं बाहेर क्लासला जात असतील तर गणिताच्या निकालाचं श्रेय शाळेला देताना हात आखडता घ्या, आणि वाचन-लेखनाकडे जास्त बारकाईने बघा. निबंध शिकवणारा क्लास फार थोडे लावतात.

मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मी महाराष्ट्रातून घेऊन आले. आपल्याकडे दहावीचा शंभर टक्के निकाल लावणाऱ्या काही शाळा असतात. त्यांतल्या काहींचा निकाल नववीतच ठरलेला असतो, हेही आपल्याला माहीत असतं. कच्च्या मुलाला नववीत बसवायचं, पालकांना बोलावून "याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा" म्हणायचं, म्हणजे तो बाहेरून परीक्षेला बसणार आणि शाळेच्या टक्केवारीत येणारच नाही. शिकवण्यात काही बदललेलं नसतं, फक्त मोजायची मुलं बदललेली असतात. चार्टर शाळा कुणाला प्रवेश नाकारू शकत नाही, चिठ्ठी निघाली की मूल आत. पण आत आल्यावर त्याने राहावं की जावं हे शंभर छोट्या गोष्टींतून सुचवता येतं.

म्हणून इयत्तावार पटसंख्या काढा. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या शिक्षण आकडेवारीच्या संकेतस्थळावर प्रत्येक सार्वजनिक शाळेची ती मिळते, चार्टरचीही. एका वर्षीची सहावी घ्या, पुढच्या वर्षीची सातवी, त्याच्या पुढची आठवी, म्हणजे त्याच मुलांचा प्रवास दिसतो. समजा सहावीत १०० मुलं होती आणि दहावीत ५५ उरली, तर बारावीचा दिमाखदार निकाल त्या ५५ जणांचा आहे. गळती सगळीकडे थोडीफार असतेच. लोक घरं बदलतात, नोकरी जाते, व्हिसाचं काहीतरी होतं, नववीला काही मुलं खेळासाठी किंवा बँडसाठी मोठ्या हायस्कूलला जातात. प्रश्न असा की, रिकाम्या झालेल्या जागांवर शाळा वरच्या वर्गांत नवी मुलं घेते का? काही शाळा ठरावीक इयत्तेनंतर कुणालाच घेत नाहीत. तसं असेल तर दरवर्षी गाळून उरलेल्यांची सरासरी वाढत जाणार, त्यात शिकवण्याचा वाटा किती हे सांगता येणार नाही.

आणि मग शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: "एखादं मूल मागे पडलं तर तुम्ही काय करता?" उत्तर ऐकताना तपशील मोजा. कोण शिकवतं, कधी, किती मुलांच्या गटात, सुधारणा झाली हे कसं ठरवता, पालकांना केव्हा कळवता. माझ्या मुलीच्या शाळेत हे विचारलं तेव्हा उत्तर द्यायला एक शिक्षिकाच पुढे आल्या आणि आठवड्याचं वेळापत्रक दाखवून बोलल्या. मी तिथे नाव घातलं त्याला हे एक मोठं कारण होतं. याउलट आमच्या ओळखीच्या एका आईला दुसऱ्या एका शाळेत, मुलाचा आयईपी आहे असं सांगताच, "आमची शाळा खूप कठीण आहे, त्याला इथे आनंद वाटेल का याचा विचार करा" असं गोड आवाजात ऐकवलं गेलं. आयईपी म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने कायद्याने पाळायची योजना. १९७५ पासूनचा तो केंद्राचा कायदा चार्टर शाळांनाही पूर्ण लागू आहे. हे वाक्य ऐकू आलं तर तुमच्या मुलाचा आयईपी नसला तरी थबका. आज अवघड मूल दुसऱ्याचं आहे. सातवीत तुमच्या मुलाचं मन अभ्यासातून उडालं, घरात आजारपण आलं, तर हेच गोड वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. मला मनापासून वाटतं की शाळेचा कस तिच्या पहिल्या नंबरच्या मुलावरून लागत नाही. तो मुलगा कुठेही शिकला असता.

"पण चार्टर शाळा एकूणात चांगल्या की वाईट?" असंही विचारतात. एकूणाचा तुम्हाला उपयोग नाही, तरी सांगते. स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राने २०२३ मध्ये देशभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चार्टरमधली मुलं डिस्ट्रिक्टच्या शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा वर्षाला वाचनात सरासरी १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे निघाली. संपूर्ण ऑनलाइन चालणाऱ्या चार्टरमधली मुलं मात्र वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवसांनी मागे. तेव्हा घरबसल्या चार्टरचा विचार करणाऱ्यांनी फार जपून.

आपल्यासारख्या उपनगरातल्यांनी मॅसॅच्युसेट्सचा अभ्यास लक्षात ठेवावा. जोशुआ अँग्रिस्ट यांनी, ज्यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, सहकाऱ्यांबरोबर लॉटरीचाच उपयोग करून घेतला. फॉर्म सगळ्यांनी भरलेला, चिठ्ठी काहींचीच निघाली, म्हणजे दोन्ही गटांत फरक फक्त नशिबाचा. बॉस्टनसारख्या शहरांतल्या चार्टर शाळांनी मुलांना खूप पुढे नेलं असं दिसलं. शहराबाहेरच्या चार्टर शाळांत तसा फायदा दिसला नाही, काही बाबतींत उलट तोटा. एक कारण उघड आहे: शहरातल्या मुलाला नाहीतर मिळणारी शाळा कमकुवत होती, उपनगरातल्या मुलाला नाहीतर मिळणारी शाळा आधीच बरी होती. म्हणून चार्टरची तुलना तुमच्या पत्त्याला नेमून दिलेल्या बेस स्कूलशी करा, मनातल्या आदर्श शाळेशी नाही. किती पालक चार्टरच्या चार ओपन हाउसना जातात आणि पाच मिनिटांवरच्या बेस स्कूलमध्ये पाऊलही टाकत नाहीत! धाकट्याच्या वेळी आम्ही दोन्ही बघितल्या. त्याच्या गतीला बेस स्कूल जास्त मानवेल असं दिसलं, तिथल्या बाईंनी ते खरं करून दाखवलं.

शिक्षकांच्या परवान्याबद्दल लोक फार काळजी करतात. मी त्यापेक्षा टिकण्याची करते. "गेल्या वर्षी ही इयत्ता शिकवणारे शिक्षक या वर्षी किती आहेत?" हे विचारा. दरवर्षी निम्मे जात असतील तर पुस्तकपेटीपासून विज्ञानाच्या प्रयोगापर्यंत सगळं दरवर्षी नव्याने सुरू होतं. राजीनामे आणि नेमणुका बहुधा संचालक मंडळाच्या इतिवृत्तात सापडतात.

मंडळाची बैठक चुकवू नका. ती कायद्याने लोकांना खुली असते, आणि वेळ-जागा आधी जाहीर करावी लागते. माझ्या मुलीच्या शाळेच्या बैठकीला पहिल्यांदा गेले तेव्हा दोन सदस्य मुख्याध्यापकांना सातवीच्या गणितावरून खोदून खोदून विचारत होते: कुठला धडा, कुठली मुलं, डिसेंबरपर्यंत काय करणार. मला हायसं वाटलं. इतरत्र नवी इमारत, नवा कॅम्पस आणि गणवेशाचा पुरवठादार यांतच संध्याकाळ संपलेलीही मी पाहिली आहे. शाळा कुठल्या व्यवस्थापन कंपनीला चालवायला दिली आहे का, इमारत कुणाची, भाडं किती, हेही बघा, कारण ते पैसे वर्गातूनच जातात. लेखापरीक्षणाचा अहवाल मागा. हे अगोचरपणाचं वाटून घेऊ नका. सप्टेंबर २०१३ मध्ये आपल्याच राज्यात किन्स्टनची एक चार्टर शाळा वर्ष नुकतंच सुरू झालेलं असताना पैशांअभावी बंद पडली, आणि मुलांना दप्तर घेऊन दुसरी शाळा शोधावी लागली.

नियमपुस्तिका प्रवेशाआधी वाचा, विशेषतः शिक्षा आणि गणवेशाची पानं. विल्मिंग्टनजवळच्या लीलँडमध्ये चार्टर डे स्कूलने मुलींना स्कर्ट सक्तीचा केला होता. पालक २०१६ मध्ये कोर्टात गेले. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने शाळेचं अपील ऐकायला नकार दिला. म्हणजे निकाल लागेपर्यंत सात वर्षं गेली. एवढ्या काळात पाचवीतली मुलगी बारावीला पोचते.

तर फॉर्म भरायचा का? भरा. त्याला पैसे पडत नाहीत, आणि नंबर लागला तरी जायचं बंधन नाही. नंबर लागल्यावर उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात, म्हणून वरची चौकशी चिठ्ठी निघायच्या आधी करून ठेवा. मुलाला दोन्ही शाळा दाखवा. सहावीच्या पुढच्या मुलाचं मत विचारा आणि त्याला वजन द्या. गेल्यावर नाहीच जमलं तर बेस डिस्ट्रिक्टला तुमच्या मुलाला परत घ्यावंच लागतं, वर्षाच्या मध्येसुद्धा. पटसंख्येचे आकडे कुठे आणि कसे काढायचे यात अडलात तर फोन करा, आपण दोघं मिळून बघू.