तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेम सेलला सरकारी डॉक्टरांचा विरोध का?

आरोग्य खात्यातून निवृत्त झालो तरी ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हा प्रश्न काही सुटत नाही. "डॉक्टर, भ्रूणातल्या स्टेम सेलवर संशोधन म्हटलं की तुम्ही सरकारी लोक विरोधात का?" (स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात, अशा मूळ पेशी.) विरोधात कुणी नसतं हो. बोलायची पंचाईत असते आणि बाहेरून ती विरोधासारखी दिसते.

अमेरिकेचंच बघा. ऑगस्ट २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ठरवलं की तोवर तयार झालेल्या सेल लाइनवरच्या, म्हणजे भ्रूणातून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींवरच्या, कामालाच केंद्राचा पैसा मिळेल. (त्या यादीत आपल्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्याही ७ लाइन होत्या, नवी मुंबईतल्या रबाळ्याची ही कंपनी.) मार्च २००७ मध्ये एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचे संचालक एलियास झेरहूनी सिनेटच्या समितीपुढे म्हणाले, शास्त्रज्ञांना आणखी लाइन मिळाल्या तर बरं. त्याच जुलैत माजी सर्जन जनरल (आरोग्यावर सरकारतर्फे जनतेशी बोलणारे प्रमुख डॉक्टर) रिचर्ड कार्मोना यांनी सांगितलं की पदावर असताना त्यांना या विषयावर बोलूच दिलं नाही. मला कौतुक झेरहूनींचं. खुर्चीत बसून बोलले.

पेशी काढताना भ्रूण नष्ट होतं, ते चालेल का, हा वाद आपल्याकडे तेवढा पेटला नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आयव्हीएफनंतर (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारानंतर) उरलेली भ्रूणं जोडप्याच्या संमतीने संशोधनाला देता येतात. १४ दिवसांपुढे वाढवायची नाहीत, संशोधनातली भ्रूणं गर्भाशयात सोडायची नाहीत. चौदाच का? त्या सुमारास भ्रूणावर एक बारीक रेघ उमटते, पुढे शरीराचा अक्ष कुठे असणार त्याची पहिली खूण. तोवर एकाची जुळी होऊ शकतात. कुठेतरी थांबायचंच, तर ही जागा मला पटते.

आम्हा सरकारी डॉक्टरांचं डोकं फिरतं ते स्टेम सेल उपचारांची जाहिरात करणाऱ्या पत्रकांवर. ऑटिझम, पार्किन्सन, गुडघे, सगळं एकाच पानावर आणि खाली 'सुलभ हप्ते'. त्या पेशी बहुतेकदा भ्रूणाच्या नसतातच, पेशंटच्याच अस्थिमज्जेतून नाहीतर चरबीतून काढलेल्या असतात. रक्ताच्या आजारांसाठी होतं ते बोन मॅरो ट्रान्सप्लांट, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्या कॅन्सर केंद्रात चालतं तसं, हाही स्टेम सेलचाच उपचार, पण तो मान्यताप्राप्त आहे. बाकी, मंजूर ट्रायलबाहेर (पेशंटवरच्या अधिकृत चाचणीबाहेर) स्टेम सेल टोचणं आयसीएमआरच्या याच सूचनांनुसार वैद्यकीय गैरवर्तन ठरतं. हे साध्या मराठीत ओपीडीच्या भिंतीवर लावायला कुणाची आडकाठी आहे? तरी मला कुठे लावलेलं दिसलं नाही.

तेव्हा असं पत्रक हातात पडलंच, तर ट्रायलचा सीटीआरआय नंबर (देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक) मागा आणि खर्च किती ते विचारा. खऱ्या ट्रायलमध्ये प्रायोगिक उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात.