बॅकअप आहे हो, पण कशाचा?

पोलीस वायरलेस असो, फायर ब्रिगेड असो, रिपीटरची, म्हणजे वॉकीटॉकीचा आवाज पकडून लांबवर पुढे पाठवणाऱ्या यंत्राची, साईट बघायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेब, सगळ्याला बॅकअप आहे." कागदावर तर असतोच असतो. मी आपलं एकच विचारतो, मेन आणि बॅकअप दोन्ही एकाच कारणानं झोपतील का?

आता बघा, साईट जोडायला फायबर दोन कंपन्यांची घेतली, छान, पण दोन्ही केबली एकाच पुलावरनं नदी ओलांडत असतील तर काय उपयोग. 2025 च्या सप्टेंबरात सोलापूरकडं सीना नदीला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ सोलापूर-पुणे हायवे बंद ठेवावा लागला, म्हणजे केबलचं सोडा, डिझेलचा कॅन घेऊन निघालेला माणूससुद्धा अडकणार. म्हणून एक लिंक फायबरची, दुसरी मायक्रोवेव्हची, म्हणजे टॉवर ते टॉवर बिनतारी, आणि डिझेलचा साठा ठरवताना लाईट किती तास जाते ते नका बघू, रस्ता किती वेळ बंद राहील ते बघा.

पण सोलापुरात पुरापेक्षा उन्हाळाच साईटी जास्त मारतो, माझं तरी हेच मत. मेमध्ये पारा 42-43, त्यात शेल्टरचा, म्हणजे यंत्रं ठेवलेल्या खोलीचा, एसी बंद पडला की आत नुसती भट्टी. सील्ड बॅटरीचं आयुष्य साधारण 25 डिग्री धरून लिहिलेलं असतं, त्याच्यावर दर 8-10 डिग्रीला ते जवळपास निम्मं होत जातं. वर 48 व्होल्टची बॅटऱ्यांची बँक चार्जरवर 54 दाखवत बसते, सगळे दिवे हिरवे, आणि मेन लाईट बंद करून बॅटरीवर लोड टाकला की 47, 46, 45... गेली! झाकण काढून बघावं तर एखादा सेल टम्म फुगलेला.

अर्थिंगचंही तेच, काळी माती भेगाळते, अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, कोरडा ठणठणीत, रेझिस्टन्स वर चढलेला आणि नेमका तेव्हाच वळीव विजा घेऊन येतो. पाणी घालायला माणूस लागतो फक्त, पण ते काम कुणाचं हे कुठल्याच टेंडरात नसतं! आणि टॉवरचं, रेडिओचं, लाईटचं अर्थिंग एकमेकाला जोडलेलंच पाहिजे, सुटं ठेवलं तर वीज पडल्यावर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक थेट रेडिओतनं वाट काढतो.

एवढं करूनही रिपीटर जाऊ शकतो. तेव्हा हँडसेटवरनं हँडसेटला डायरेक्ट बोलायचं चॅनेल कुठलं, ते रात्रपाळीच्या ऑपरेटरसमोर भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा, फाईलमध्ये नको.