आज रात्री स्टेरॉइड नको

संध्याकाळी पावणेसहाला छातीच्या डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, रिजेक्शनच वाटतंय ना? स्टेरॉइड सुरू करू?" रिजेक्शन म्हणजे शरीराने नवं फुफ्फुस नाकारणं. मी पॅथॉलॉजिस्ट; बायॉप्सीची, म्हणजे फुफ्फुसातून काढलेल्या तुकड्यांची, स्लाइड माझ्या हातात येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

फुफ्फुस प्रत्यारोपणाला आठ महिने झालेल्या बाई. घरी रोज यंत्रात फुंकून एफईव्ही-वन, म्हणजे पहिल्या सेकंदात जोरात बाहेर पडणारी हवा, मोजायच्या. दोन आठवड्यांत तो २.४ लिटरवरून २.१ वर आला. ताप नाही, खोकला नाही. नव्या फुफ्फुसाच्या नसा जोडता येत नाहीत, त्यामुळे आत खोलवर काही बिघडलं तरी खोकल्याची उबळ येईलच असं नाही. घसरलेला आकडा हाच त्यांचा खोकला.

बायॉप्सीचे आठ तुकडे होते, त्यातले दोन नुसत्या श्वासनळीच्या भिंतीचे. रिजेक्शनची ग्रेड द्यायला वायुकोश (हवेच्या बारीक पिशव्या) असलेले निदान पाच लागतात, तेवढे होते. रक्तवाहिन्यांभोवती काही नव्हतं. एका बारीक श्वासनलिकेला मात्र लिम्फोसाइट्सनी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींनी, घेरलं होतं, काही तर अस्तरात घुसलेल्या. रिजेक्शनमध्ये हेच चित्र दिसतं आणि संसर्गातही हेच. रिजेक्शन असेल तर तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडचा मोठा डोस. संसर्ग असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारा तोच डोस म्हणजे आगीत तेल.

मग फॉर्म पुन्हा वाचला. दाता सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू) पॉझिटिव्ह, पेशंट निगेटिव्ह, म्हणजे फुफ्फुसाबरोबर विषाणूही आलेला असू शकतो; आणि विषाणूविरोधी गोळ्या सहा आठवड्यांपूर्वी बंद. रक्तात तो विषाणू शोधणारा पीसीआर रिपोर्ट उद्या येणार होता.

"ऑक्सिजन किती आहे, सर?"

"पंच्याण्णव, साध्या हवेवर."

"मग आज रात्री स्टेरॉइड नको. सकाळपर्यंत वेळ द्या मला."

टेक्निशियन घरी निघाली होती. मी तुकडे बसवलेला मेणाचा ब्लॉक पुढे केला, तिने काही न बोलता पर्स खाली ठेवली आणि आणखी खोल सेक्शन कापायला घेतले. तिच्या त्या थांबण्याचं मोल मला आजही वाटतं. तिसऱ्या स्लाइडवर, वायुकोशाच्या कडेला, एकच पेशी दिसली: शेजारणींच्या तिप्पट मोठी, केंद्रकात गडद गोळा, त्याभोवती पांढरं कडं. घुबडाचा डोळा, सीएमव्हीची खूण! मी ऑब्जेक्टिव्ह बदलून पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

सकाळी सीएमव्ही असलेली पेशी रंगवणाऱ्या इम्युनो स्टेनमध्ये तीच पेशी तपकिरी झाली, आणि आणखी दोन. रिपोर्टमध्ये सीएमव्ही न्यूमोनायटिस, म्हणजे त्या विषाणूमुळे फुफ्फुसाचा दाह, लिहिलं. रक्तवाहिन्यांसाठी ए-०, म्हणजे तिथे काही नाही. श्वासनलिकांच्या दाहाला मात्र ग्रेड दिली नाही, कारण २००७च्या आंतरराष्ट्रीय प्रतवारीत बी ग्रेड देण्याआधी संसर्ग नाकारावा लागतो. तिथे बी-एक्स, म्हणजे ग्रेड देता येत नाही, असं लिहिलं. रिजेक्शन नाहीच, असंही म्हटलं नाही. दोन्ही एकत्र नांदू शकतात, म्हणून उपचारानंतर बायॉप्सी पुन्हा करा, एवढं ठळक केलं. त्याच दुपारी गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू झालं.

सहा आठवड्यांनी तुकडे पुन्हा आले. तीन श्वासनलिका सापडल्या, तिन्ही स्वच्छ. ए-०, बी-०. आकडा २.३ वर आला होता, २.४ वर अजून नाही. पुढची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची चाचणी, महिन्याने आहे.