बुलेटला साइडकार: तीन पॉइंट एका दुपारी, चौथ्याने पावसाळा दाखवला

"उद्या संध्याकाळी घेऊन जावा" हे वाक्य मी या उन्हाळ्यात इतक्यांदा ऐकलंय की आता घरात कुणी नुसतं उद्या म्हटलं तरी डोकं फिरतं. त्यामुळे आधीच सांगतो, घरी साइडकार (मोटरसायकलच्या बाजूला जोडायची एका चाकाची गाडी) बसवायची असेल तर पैसे, जागा, मदतीला माणूस हे सगळं नंतर बघा, आधी लेथवाला (लोखंड कातून भाग बनवून देणारा) बघा.

गाडी माझी १९९४ ची बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. गोवा, हंपी, अख्खी कोकण किनारपट्टी हिच्यावरच झाली. आईच्या गुडघ्यांमुळे तिचं मागे बसणं बंद झालं आणि कारमध्ये बसवली तर करूळ घाट उतरेपर्यंत तिला उलट्या, म्हणून हे साइडकारचं खूळ. सेकंडहँड मिळाली, बॉडी गंजलेली पण चासी सरळ (दोरी लावून बघूनच घ्या, पत्रा कुठंही मिळतो, वाकडी चासी सरळ होत नाही). चाक बुलेटचंच १९ इंची, म्हणजे टायर ट्यूब सगळं एकच. घासणं, रेडऑक्साइड, रंग, रेक्झिन यात सांगण्यासारखं काही नाही.

लोक पहिला प्रश्न आरटीओचा विचारतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२७), तिथं मोटरसायकलच्या व्याख्येतच काढता येणारी साइडकार धरलेली आहे, म्हणजे तीन चाकं झाली म्हणून गाडीची रिक्षा होत नाही. पण गाडीतल्या फेरफाराचं कलम ५२ आहेच, तेव्हा हत्यार हातात घ्यायच्या आधी आरटीओत लेखी विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवा. मी सगळ्यात जास्त याच कामाला घाबरलो होतो आणि ते बिनबोभाट झालं.

अडलं ते पुढच्या खालच्या पॉइंटला.

साइडकार चार ठिकाणी धरतात, दोन खाली दोन वर. खालचे दोन मुख्य भार घेतात, वरच्या दोन दांड्यांनी गाडी किती झुकवायची ते ठरतं. मागचा खालचा पॉइंट स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्होटच्या आसपास, मागचा वरचा सीटखाली शॉकअब्सॉर्बरच्या बोल्टजवळ, पुढचा वरचा समोरच्या पाइपवर क्लॅम्प टाकून. हे तीन आम्ही भावाभावांनी एका दुपारी बसवले. पण जुन्या बुलेटच्या फ्रेमची गंमत अशी की समोरून एकच पाइप खाली येतो आणि इंजिनपाशी संपतो, पुढची फ्रेम म्हणजे स्वतः इंजिनच. इंजिनच्या पोटाखाली पाइपच नाही. मग क्लॅम्प कशाला मारणार? इंजिनच्या पुढच्या प्लेटांचे जे स्टड आहेत ते लांब करून तिथूनच ब्रॅकेट काढावं लागतं आणि ते बाजारात रेडिमेड काही मिळेना, बनवूनच घ्यायचं.

कोल्हापुरात लेथ आणि फॅब्रिकेशनला काय तोटा. एका वर्कशॉपमध्ये गेलो, मिस्त्रींनी गाडी न बघताच सांगितलं, "पाइपला वेल्डिंग मारून देतो की, काय हुत नाही." हे तुम्हालाही ऐकायला मिळणार, तेव्हा नीट ऐका: फ्रेमला वेल्डिंग करू देऊ नका. पाइप पातळ असतो, वेल्डिंगच्या शेजारचा भाग उष्णतेने कमजोर होतो, आणि साइडकारचे हिसके रोज त्याच जागी बसतात, तडा जायचा तो तिथंच जातो. शिवाय उद्या साइडकार काढायची म्हटली तर? बोल्टनेच बसवायचं, बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे).

मी पुठ्ठा कापून साचा करून दिला, त्यावर मापं, बाणाने "डावी बाजू" असं लिहिलेलं. दहा एमएमची प्लेट सांगितली. मग सुरू झालं उद्या या. आज लाइट नाही, आज पोरगा आला नाही, आज ट्रॉलीचं अर्जंट काम आलंय, आज फौंड्रीवाल्यांचा माल जायचाय. माझं काम त्यांच्या दृष्टीने फुटकळ, ते मला मान्य आहे, पण मग तोंडावर सांगा ना नाही जमत म्हणून! ते नाही सांगणार, चहा मागवणार. साइडकार अंगणात तीन पॉइंटवर विटांचा टेकू देऊन उभी, शेजारचे काका रोज सकाळी फिरायला जाताना "झाली का ओ रिक्षा" विचारून जाणार.

शेवटी ब्रॅकेट हातात आलं ते पाच एमएमचं आणि उजव्या बाजूचं. साचा उलटा ठेवून कापलेला. वर "एवढी जाड प्लेट कशाला सायेब, रणगाडा करायचाय का?" पुन्हा उद्या. दुसरं आलं ते जाड होतं, डाव्या बाजूचं होतं, पण बरोबर ब्रेक पेडलच्या खाली येत होतं, पेडल अर्धं दाबलं की ब्रॅकेटवर टेकायचं. जुन्या बुलेटला मागचा ब्रेक डाव्या पायात असतो हे त्यांना मी सांगितलं होतं, साच्यावर लिहिलं होतं, पेडलचं चित्रसुद्धा काढलं होतं. त्यात वरच्या पॉइंटचा क्लॅम्प सैल पडत होता तो त्यांच्याकडंच नवीन करायला टाकला होता, त्याचं बोअर (आतलं भोक) मोठं केलं आणि म्हणाले, आत ट्यूबचं रबर घाला की. रबर घातलं की क्लॅम्प रोज केसभर सरकतो आणि सगळं अलाइनमेंट गेलं. क्लॅम्प दोन अर्ध्या भागांचा हवा, व्हर्नियरने पाइपचं माप घेऊन बोअर केलेला, आणि पाइपवरचा रंग तेवढ्या भागात खरवडून बसवलेला. अॅडव्हान्स परत मागितला तर तोही "उद्या". पहिला वळीव पडून गेला, मग खरा पाऊस आला, ताडपत्री टाकली.

सुटका केली ती घराच्या मागच्या शेडमध्ये एकच लेथ असलेल्या एका रिटायर्ड टर्नर काकांनी. ते साचा बघायलाच तयार नव्हते. म्हणाले, "कागद नको, गाडी आण." गाडी नेली, ते खाली झोपले, पेडल स्वतःच्या हाताने दाबून बघितलं, ब्रॅकेटला खाली एक पायरी दिली आणि मध्ये स्पेसर टाकला, म्हणजे पेडल पूर्ण खाली जातं आणि बुटालाही जागा राहते. दिवस मावळायच्या आत बसवून दिलं. तेव्हा माझा एकच सल्ला, चित्र घेऊन जाऊ नका, गाडी घेऊन जा, आणि जो माणूस गाडीखाली झोपत नाही त्याला काम देऊ नका.

अलाइनमेंटचा लोक बाऊ करतात, जागा सपाट असली की झालं. आमच्याकडे गच्चीखालचं पार्किंग होतं. गाडीच्या दोन चाकांना लावून एक सरळ चौकोनी अॅल्युमिनियम पाइप, साइडकारच्या चाकाला दुसरा, आणि पुढच्या चाकासमोर आणि मागच्या चाकामागे दोन्हीतलं अंतर मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १२ ते २० एमएम कमी हवं. साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या थोडं पुढं, सहा ते दहा इंच. आणि गाडी साइडकारपासून बाहेरच्या बाजूला एक-दोन डिग्री झुकलेली, कारण आपल्याकडे रस्त्याचा उतार डावीकडं असतो आणि साइडकारही डावीकडंच ओढते. मोजताना वजन टाकूनच मोजा, आमच्याकडं भाऊ गाडीवर आणि आई साइडकारमध्ये बसून तांदूळ निवडत होती. सगळं जमलं की आय-बोल्टचे (टोकाला गोल भोक असलेल्या बोल्टचे) चेकनट घट्ट, आणि पहिल्या चकरेनंतर परत सगळे बोल्ट तपासायचे, थोडे बसतातच.

अरे हो, हे आधी सांगायला हवं होतं: साइडकार लावायच्या आधी क्लच प्लेटा आणि प्रायमरी चेन (इंजिनपासून क्लचकडे जाणारी) बघून घ्या. ते कव्हर डावीकडं आहे, एकाच नटवर असतं, पण ते काढायला फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल सोडवावं लागतं आणि साइडकार लावल्यावर तिथं हात घालणं म्हणजे शिक्षा. साइड स्टँडही निघतो, त्याची जागाच राहत नाही.

चालवायला मात्र विसरा की तुम्हाला बुलेट येते. गाडी झुकवायची नाही, हँडल वळवायचं, तेही जोर लावून. अॅक्सिलरेटर दिला की डावीकडं ओढते, ब्रेक मारला की उजवीकडं. डाव्या वळणावर रिकामी साइडकार उचलते, घाबरून हँडल सोडलं की संपलं, म्हणून एकटं जाताना आत वाळूचं पोतं, तीसेक किलो. मोकळ्या मैदानावर मुद्दाम चाक उचलून बघा, एकदा अंदाज आला की भीती जाते. खड्डे चुकवायची सवय सोडा, तीन चाकांच्या तीन वाटा, एक तरी खड्ड्यात जाणारच.

आईला नरसोबाच्या वाडीला नेऊन आणलं, उलटी नाही, काही नाही, वाटेत जो दिसेल त्याला हात करत होती. करूळ घाटही झाला, पण परतीच्या चढाला १८ बीएचपीवर दोन माणसं आणि साइडकार म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत. आता गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट एका दाताने लहान टाकणार आहे, ते मात्र दुकानातून रेडिमेड आणणार, बनवून घेणार नाही.