आटे, आवाज आणि माझा डावा कान

माझ्या डाव्या कानात १९८७ पासून एक रातकिडा बसलाय. त्या वर्षी चैत्रात आमच्या देवगडच्या कलमांत वानरांचा कळप उतरला. बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. सोळा वर्षांचा मी, दारूची पुडी सांभाळत, त्यांच्या उजव्या खांद्याला चिकटून उभा. बार झाला. वानरं पळाली, रातकिडा राहिला. रात्री समुद्राची गाज थांबली तरी त्याची कुणकुण थांबत नाही.

म्हणून अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, सायलेन्सर लावायला पॉइंट टू टू पिस्तूल घ्यायचंय, कुठलं घेऊ?" (म्हणजे ०.२२ इंची बारीक गोळीचं) तेव्हा हिच्यासारखं मला "कोणाला मारायचंय त्याला?" असं नाही वाटलं. मला पहिल्यांदा त्याचा कान आठवला.

आमच्या नाक्यावर सायलेन्सर म्हणजे बुलेट मोटरसायकलचा, आणि तोही काढून फेकण्यासाठीच असतो. पण तत्त्व एकच. नळीतून सुटलेल्या गरम वायूला एकदम बाहेर उडी मारू द्यायची नाही, कप्प्याकप्प्यांतून फिरवायचा, पसरू द्यायचा, थंड करायचा. हिराम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि गाड्यांचे मफलरही त्यानेच केले. त्याचा बाप म्हणजे मशीनगनवाला मॅक्सिम. तो आपल्याच बंदुकांच्या आवाजाने बहिरा झालेला. त्या घराशी माझं नातं जुळतं ते इथे.

आपल्याकडे हा विषय सुरू व्हायच्या आधीच संपतो. आवाज दाबणारं उपकरण शस्त्र नियम २०१६ मध्ये प्रतिबंधितांच्या यादीत आहे, सामान्य माणसाला परवाना मिळत नाही. शेजारच्या आबांना सगळं समजावून सांगितलं तर म्हणाले, "आवाजच नाय, तर वांदर पळतले कशाक?" मी गप्प बसलो.

भाचा न्यू जर्सीतल्या एडिसनला होता तोवर त्यालाही गप्पच बसावं लागलं असतं, कारण त्या राज्यात सायलेन्सर चालत नाही. मग तो नॉर्थ कॅरोलायनात गेला, तिथे चालतो. तरी दुकानात जाऊन पिशवीत घालून आणायची वस्तू नव्हे. १९३४ च्या केंद्रीय कायद्याखाली अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, मंजुरी, सगळं लागतं. दोनशे डॉलरचा कर होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. नोंदणी मात्र तशीच आहे. कर गेल्याबरोबर भाच्याला कान आठवले, हे कोकणी रक्त.

आम्ही दोघं जानेवारीत त्याच्याकडेच होतो. रेंजवर भाड्याने पिस्तुलं मिळतात, तिथे तो मला घेऊन गेला. माझे हात शिवशिवत होते. कोल्हापूरला नोकरीत असताना आठ वर्षं पंचवीस मीटरचं स्पोर्ट पिस्तूल मारलंय मी. (ज्या प्रकारात राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं, तोच. माझे गुण विचारू नका.) पण पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला तिथे शिकारीचा परवाना वगैरे असल्याशिवाय बंदूक हातात धरता येत नाही. तेव्हा मी मागे बाकावर, उजव्या कानाने परीक्षक.

पहिलं भाड्याचं पिस्तूल वॉल्थर पी-२२. छोटं, दिसायला गोंडस. पण ज्यांवर सायलेन्सर फिरवून बसवायचा ते त्याच्या नळीचे आटे बारीक, आठ मिलिमीटरचे. अमेरिकेत पॉइंट टू टूचे बहुतेक सायलेन्सर अर्धा इंच व्यास, इंचाला अठ्ठावीस आटे, या मापाचे. म्हणजे मध्ये आणखी एक जोड बसवायचा. मला जोड म्हटलं की आमच्या विहिरीवरचा पंप आठवतो. जिथे जोड तिथे गळती, नाहीतर तिरकेपणा. पाण्याचं एक वेळ चालेल. इथे सायलेन्सरचं नळकांडं केसभर तिरकं बसलं किंवा सैल झालं, तर गोळी आतल्या पडद्याला घासते आणि दोन्ही वस्तू भंगारात. दोन मॅगझिनांनंतर भाच्याने हात लावून पाहिलं, तर जोड सुटायला लागला होता. ते पिस्तूल तिथेच बाद.

मग ब्राउनिंग बक मार्क. १९८५ पासून चालत आलेलं, चाप सुरेख. भाच्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. माझं मत विचाराल तर मारायला हेच गोड. पण साफ करायला वरची पट्टी काढायची, स्क्रू सोडवायचे, आणि भाचा मोटरसायकलची चेन वर्षात एकदाही न पुसणारा. पॉइंट टू टू ही मुळात घाणेरडी जात. गोळी उघड्या शिशाची, वर मेणाचा हात. त्यात सायलेन्सर लावला की वायू मागे रेटला जातो आणि काजळी पिस्तुलाच्या पोटात, शिवाय मारणाऱ्याच्या तोंडावर. चष्म्याशिवाय उभंच राहायचं नाही.

तिसरं रूगर मार्क फोर, त्यातलं '२२/४५ लाइट'. रूगरचं पहिलं पिस्तूल १९४९ चं, त्याच घराण्यातलं. जुन्या मार्कची ख्याती अशी, की उघडलं तर परत जोडताना माणूस देवाचा धावा करतो. २०१६ च्या मार्क फोरमध्ये मागे एक बटण आलं. ते दाबलं की वरचा भाग पेटीच्या झाकणासारखा उचलला जातो. भाच्यासारख्या आळशासाठी हे बटणच निम्मं पिस्तूल.

रूगर आणि ब्राउनिंग दोन्हींत नळी सांगाड्याला घट्ट बसवलेली, मागचा खटका, म्हणजे पुढेमागे सरकणारा भाग, तेवढा हलतो. मोठ्या बोअरच्या बऱ्याच पिस्तुलांत बार झाल्यावर नळीही खाली झुकते. टोकाला वजन लटकवलं की ती अडखळते, म्हणून सायलेन्सरमध्ये वेगळी स्प्रिंग घालावी लागते. इथे ती भानगड नाही. रूगर सातशे ग्रॅमच्या आसपास, नळकांडं शंभराच्या. नाकावर थोडा भार आला की हात उलट स्थिर होतो, हे मी कोल्हापुरात शिकलो. दोन्हींचे आटेही अर्धा इंचवाले, जोडाची कटकट नाही.

आणि आवाज? सिनेमातलं 'फुस्स' विसरा. उघड्या पिस्तुलाचा बार १५५ ते १६० डेसिबलच्या घरात जातो. असा धडाका १४० च्या वर गेला की कान दुखावतो. सायलेन्सरने तो ११५-१२० च्या आसपास येतो. म्हणजे टाळी नव्हे, जांभ्याच्या चिऱ्यावर फळी आपटल्यासारखा. पहिला बार जरा मोठाच, कारण नळकांड्यात हवा असते आणि तिच्यातला प्राणवायू पेटतो. दुसऱ्यापासून मला खटक्याची खटखट आणि पुंगळी फरशीवर पडल्याची किणकिण ऐकू आली. आठ वर्षं पिस्तूल मारलं, पण पुंगळी पडताना ऐकली ती पहिल्यांदा.

एक गंमत झाली. सकाळी बाहेर उणे चार अंश. भाच्याने हाय व्हेलॉसिटीच्या, म्हणजे जास्त वेगाच्या, गोळ्यांचा डबा उघडला आणि मधूनच एखादा बार चाबकासारखा तडकायला लागला. त्याला वाटलं नळकांडं बिघडलं. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो. उणे चारला सेकंदाला साधारण ३२९ मीटर, आमच्या मे महिन्याच्या ३३ अंशांत साडेतीनशे. गोळी त्याच्या पुढे गेली की तिचा स्वतःचा तडाखा हवेत वाजतो, त्याला कुठलाच सायलेन्सर काही करू शकत नाही. पिस्तुलाची नळी आखूड, म्हणून ही गोळी त्या सीमेच्या आसपास घोटाळत असते. देवगडात मुकी राहिली असती ती तिथे बोलली. स्टँडर्ड व्हेलॉसिटीचा डबा आणला, तडकणं बंद.

रूगर घेतलं. सायलेन्सर घेताना मी एकच अट घातली, घरी उघडून साफ करता येईल असाच घे. आणि तो लावलास तरी कानात बोळे असू देत. यावर त्याने "मामा, मग घेतला कशाला?" असं विचारलं. मी त्याला रातकिड्याची गोष्ट सांगितली, ती त्याने आधी वीसेक वेळा ऐकली होती.

परवा आंब्याच्या पेट्या भरत असताना त्याचा फोन. पाचशे बार मारून झाले, आणि आता नळकांडं उघडतच नाही. आत शिसं जमून आटे धरलेत. मी म्हटलं, हातोडी घेऊ नकोस, तेल सोडून रात्रभर ठेव, आणि यापुढे शंभर-दोनशे बारांनी उघडत जा. मागून सूनबाईचा आवाज आला, "आणि ते माझ्या सिंकमध्ये धुवायचं नाही!" ती बरोबर बोलत होती. शिसं आहे ते. हातमोजे घाल, वेगळी बादली घे, म्हटलं.